परवाना भिंतीवर, विष मजुराच्या अंगावर

पनवेल तालुक्यातील पळस्पे हे गाव नकाशावर लहान दिसत असले तरी महाराष्ट्राच्या मालवाहतुकीत त्याचे महत्त्व मोठे आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना महामार्ग आणि गोव्याकडे जाणारा महामार्ग येथेच एकमेकांपासून वेगळे होतात. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि या पट्ट्यातील भातशेतीचे रूप पालटले. जेथे भाताची खाचरे होती तेथे गोदामे आणि कंटेनर यार्ड उभे राहिले. जवळच रसायनीला हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीचा कारखाना आला. डीडीटीपासून अनेक कीटकनाशके तेथे तयार झाली. म्हणजे विष बनवणे, विष साठवणे, विष वाहून नेणे आणि विष वापरणे ही चारही कामे या एका पट्ट्यात पोट भरण्याचे साधन बनली. या चारही कामांत सर्वात खालच्या पायरीवर कोण उभा आहे? ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याच्या हातात नेमणुकीचा कागद नाही, तो आपला माणूस. बौद्ध, मातंग, चर्मकार, कातकरी, ठाकूर आणि मराठवाडा-विदर्भातून पोटासाठी आलेला मजूर.

हे विष हाताळण्याचे प्रशिक्षण त्याला कोणी दिले आहे काय? प्रशिक्षण मिळाल्याचा एखादा दाखला त्याच्याजवळ आहे काय? नसेल तर तो का नाही? प्रश्न साधे आहेत, परंतु त्यांच्या उत्तरात या देशाची सगळी समाजरचना उघडी पडते.

बंद कंटेनरमध्ये काय घडते?

परदेशी जाणाऱ्या मालात किंवा मालाखालच्या लाकडी फळ्यांत कीड राहू नये म्हणून कंटेनर बंद करून त्यात विषारी वायू सोडतात. यालाच फ्युमिगेशन किंवा धुरी देणे म्हणतात. लाकडी वेष्टनासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २००२ साली ठरले. उबदार हवेत एका घनमीटरला ४८ ग्रॅम मिथिल ब्रोमाइड आणि २४ तास बंद दार, असे त्याचे प्रमाण आहे. मिथिल ब्रोमाइडला रंग नाही आणि धोक्याची सूचना मिळावी असा वासही नाही. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारान्वये जगभर त्याचा बहुतेक वापर बंद झाला, मात्र निर्यात-आयातीच्या मालासाठी सूट राहिली. दुसरे औषध ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. धान्याच्या गोदामात त्या ठेवतात. हवेतला ओलावा लागला की गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमची एक गोळी सुमारे एक ग्रॅम वायू सोडते. या वायूवर आजही उतारा नाही. डॉक्टर फक्त श्वास आणि रक्तदाब सांभाळू शकतात.

आता विचार करा. २४ तासांनी कंटेनरचे दार उघडायचे, वारा खेळू द्यायचा, मीटर लावून वायू उरला आहे का ते मोजायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे, अशी रीत आहे. परदेशातून धुरी घेऊन आलेल्या कंटेनरलाही हीच रीत लागू पडते. पण गाडी खोळंबली आहे, मुकादम ओरडतो आहे, मीटर कोठे आहे ते कोणाला ठाऊक नाही, अशा वेळी आत पहिला कोण शिरतो? प्रमाणपत्रवाला साहेब की हमाल?

कायदा काय म्हणतो?

या देशात कायदा नाही असे म्हणण्याची सोय नाही. १९५८ साली केरळ आणि मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्य-पिठात मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. न्या. शहा यांच्या चौकशी आयोगानंतर हालचाल सुरू झाली आणि कीटकनाशक कायदा १९६८ साली झाला. त्याचे नियम १९७१ साली आले. म्हणजे शंभर माणसे मेल्यानंतरही कायद्याला दहा वर्षे लागली!

या नियमांत व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना बंधनकारक आहे. परवाना मागणारा कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर असला पाहिजे आणि त्याच्याजवळ किमान १५ दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असले पाहिजे. हे प्रशिक्षण म्हैसूरची सीएफटीआरआय, हापूरची धान्य साठवणूक संस्था किंवा हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था येथे मिळते. निर्यातीच्या मालाला धुरी देणाऱ्या संस्थांना तर केंद्राच्या वनस्पती संरक्षण खात्याची वेगळी मान्यता लागते. कागदावर सगळे चोख आहे.

पुढे नियम ३७ ते ४२ वाचा. फवारणीच्या कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. काम चालू असताना तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणी झाली पाहिजे आणि तिची नोंद वहीत ठेवली पाहिजे. संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, प्रथमोपचार आणि उतारा तयार असला पाहिजे. नियम ४२ तर स्पष्टच सांगतो की, कीटकनाशकाचे उत्पादक, वितरक आणि पेस्ट कंट्रोल चालवणारे यांनी आपल्या कामगारांना सुरक्षिततेचे योग्य प्रशिक्षण द्यावे.

वाचकहो, या नियम ४२ मध्येच खरी गोम आहे. प्रशिक्षण द्यावे असे लिहिले, पण किती दिवस, कोणत्या भाषेत, कोणी घ्यायचे, परीक्षा कोणती, दाखला कोणता, यातले काहीही त्या नियमात नाही. मालकाला पंधरा दिवस आणि पदवी, मजुराला 'योग्य' हा एक शब्द! वरच्याचे शिक्षण मोजून दिले, खालच्याचे मोघम सोडले. हा नुसता मसुद्यातला दोष नव्हे. ज्याच्या हाताने काम होते त्याला ज्ञानाची गरज नाही, या देशातल्या हजारो वर्षांच्या समजुतीचा तो वारसा आहे.

यवतमाळने दाखवलेले सत्य

गोदामाची कथा ही, तर शेतातली कथा याहून भयंकर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरच्या उन्हात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. शेकडो जण यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाले. कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर वाढली होती. पाठीवर पंप, हातात नळी, तोंडासमोर तुषार आणि वरून ऊन. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन ही नावे तेव्हा गावोगाव पोचली. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले, पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत काही औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली आणि मृतांच्या वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले.

आणि दोष कोणाला दिला गेला? मजुराला! त्याने मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, औषधे एकत्र मिसळली. अहो, त्याला हे शिकवले कोणी होते? चाळीस अंशांच्या उन्हात अंगभर प्लास्टिकचा झगा घालून दिवसभर चालता येते का, हे सांगणाऱ्याने एकदा तरी करून पाहिले होते का? त्या बाटलीवरची बारीक अक्षरे भिंगाशिवाय वाचता येतात का?

विषारी औषधाच्या कंपन्यांना मात्र यवतमाळचे मजूर विसरू देणार नाहीत असे दिसते. २०२० साली यवतमाळच्या ५१ शेतकरी-मजूर कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार झाली. दोन विधवा आणि एक बाधित यांनी तेथील न्यायालयातही दाद मागितली. विदर्भातली विधवा स्वित्झर्लंडपर्यंत पोचली, पण तिला न्याय मागण्यासाठी स्वतःच्या देशात सोपी वाट का सापडली नाही?

त्याचे उत्तर कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. स्वतःच्या लागवडीखालच्या जमिनीत कीटकनाशक वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही, असे हे कलम सांगते. दोन एकरवाल्या शेतकऱ्याला परवान्याच्या फेऱ्यात अडकवू नये, हा त्यामागचा हेतू असेल आणि तो चुकीचाही नाही. लहान शेतकरी स्वतः फवारतो, स्वतः मरतो, त्याच्याशी आपले भांडण नाही. परंतु त्याच शेतात दुसऱ्याच्या पाठीवर पंप देऊन रोजाने फवारणी करून घेतली जाते तेव्हा काय? सूट जमीनवाल्याला मिळाली आणि तिच्या आड मजुराचे संरक्षण नाहीसे झाले. पेस्ट कंट्रोलचा परवाना त्याला लागू नाही, कारण हा धंदा नव्हे. कारखान्याचा कायदा लागू नाही, कारण हा कारखाना नव्हे. मग हा माणूस कोणत्या कायद्यात बसतो?

भरपाईतही तेच. शेतकरी अपघात योजनेत सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातील एक सदस्य बसतो. ज्याच्या सात पिढ्यांत सातबारा नाही त्याने कोणता उतारा जोडायचा? २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींतील काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक शेतमजूर होते. हा आकडा समोर ठेवला की, सातबाऱ्याच्या अटीने नेमके कोणाला बाहेर ठेवले ते वेगळे सांगावे लागत नाही.

विकणाऱ्याला पदवी, उडवणाऱ्याला प्रमाणपत्र, मारणाऱ्याला काहीच नाही

गेल्या काही वर्षांत सरकारने प्रशिक्षणाच्या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. २०१५ मध्ये नियम बदलून कीटकनाशक विक्रेत्याला कृषी किंवा विज्ञान शाखेची पदवी आवश्यक केली. जुन्या दुकानदारांनी ओरड केली तेव्हा त्यांच्यासाठी एक वर्षाची पदविका आणि पुढे बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आला. २०२१ च्या ड्रोन नियमांनी ड्रोन चालवणाऱ्याला प्रमाणपत्र बंधनकारक केले. २०२३ साली केंद्राने मंजूर केलेल्या ड्रोन दीदी योजनेत बचतगटांच्या महिलांना १५ दिवसांचे प्रशिक्षण आहे. चांगली गोष्ट आहे, स्वागत आहे.

पण चित्र पाहा. बाटली विकणाऱ्याला शिक्षण हवे. आकाशातून फवारणाऱ्याला शिक्षण हवे. गोदामाच्या ठेकेदाराला शिक्षण हवे. आणि ज्याच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप आहे, ज्याच्या कपड्यांतून विष अंगात मुरते, त्याला मात्र कशाचीही गरज नाही! यंत्राला परवाना लागतो, माणसाला लागत नाही, कारण यंत्राची किंमत लाखांत आहे.

जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, ती काम करणारी माणसेच वरखाली रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. गटारात उतरणारा माणूस घ्या. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली, तरी गटारातले मृत्यू थांबले नाहीत. कारण गटारात उतरणारी जात ठरलेली आहे, तोवर यंत्र विकत घेण्याची घाई कोणाला? बंद कंटेनरचा वायू आणि बंद गटाराचा वायू यांत रसायनशास्त्राने फरक असेल, समाजशास्त्राने नाही.

जगात काय चालते?

अमेरिकेत १९७२ साली कायदा बदलून धोकादायक कीटकनाशके फक्त प्रमाणित व्यक्तीने किंवा तिच्या देखरेखीखाली वापरावीत असे ठरले. शेतमजुरांसाठी १९९२ साली वेगळे संरक्षण नियम आले आणि २०१५ साली ते कडक झाले. दरवर्षी प्रशिक्षण, तेही मजुराला समजेल अशा भाषेत, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या हातात औषध द्यायचे नाही. हे काही गोऱ्या सरकारच्या दयेने झाले नाही. कॅलिफोर्नियातील द्राक्षमळ्यांत मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांनी सीझर चावेझ यांच्या संघटनेखाली पाच वर्षे लढा दिला. १९७० च्या करारांत त्यांनी मजुरीबरोबर कीटकनाशकापासून संरक्षणाची कलमेही घालून घेतली. मजुरीची मागणी आणि जिवाची मागणी त्यांनी वेगळी केली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

युरोपीय संघाने २००९ साली निर्देश काढला आणि नोव्हेंबर २०१५ पासून व्यावसायिक वापराचे औषध प्रमाणपत्राशिवाय विकत मिळणे बंद केले. शेतीतील सुरक्षितता आणि आरोग्याविषयी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८४ क्रमांकाचा करार २००१ साली झाला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे १९६८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी २००८ साली आणि पुन्हा २०२० साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले. दुसऱ्या विधेयकावर संसदीय समितीने २०२१ च्या डिसेंबरात अहवालही दिला. कंपन्या आणि शेतकरी संघटना आपापले म्हणणे मांडत राहिल्या. पण फवारणाऱ्या मजुराचे म्हणणे कोणी मांडले?

प्रमाणपत्र दुधारी आहे

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रमाणपत्राची मागणी डोळे झाकून केली तर ती आपल्यावरच उलटू शकते. उद्या सरकार म्हणेल, दहावी पास असेल त्यालाच फवारणीचे काम. मग न शिकलेल्या मजुराचा रोज बुडेल. किंवा मालक एक तासाचे व्याख्यान ठेवील, कोऱ्या कागदावर अंगठे घेईल आणि अपघात झाला की तो कागद पुढे करील. 'याला शिकवले होते, चूक याचीच आहे.' म्हणजे प्रमाणपत्र मजुराचे चिलखत न होता मालकाचे चिलखत होईल.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पूर्ण रोज देऊन व्हावे. ते मराठीत, हिंदीत, मजुराच्या बोलीत, हाताने करून दाखवून व्हावे. लेखी परीक्षेची अट नसावी. दाखला मजुराच्या नावाचा असावा, म्हणजे ठेकेदार बदलला तरी त्याचे कौशल्य त्याच्याबरोबर जाईल आणि प्रशिक्षित म्हणून तो जास्त मजुरी मागू शकेल. दाखला असो वा नसो, अपघाताची जबाबदारी काम करवून घेणाऱ्याचीच राहावी. आणि सर्वात जहाल औषधे प्रशिक्षण देऊन वापरण्यापेक्षा बाजारातूनच हटवावीत. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ साली माध्यान्ह भोजनातून २३ शाळकरी मुले मेली ती मोनोक्रोटोफॉसनेच. त्यावर बंदीचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले. त्या मुलांना कोणते प्रशिक्षण देणार होता?

गोदामांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे, हा मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे. पण त्याच संहितेत कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण लागू होण्याची मर्यादा वीसवरून पन्नास कामगारांवर नेली आहे. दहा-पंधरा माणसे घेऊन धुरी देणारा ठेकेदार त्यातून आपोआप सुटतो. तेव्हा एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे काढून घेतले जाते, ते ओळखायला शिकले पाहिजे.

आपण काय करावे?

सरकारकडे बोट दाखवून थांबणे ही आपली परंपरा नाही. याच कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडने, १९२७ साली महाडचा संग्राम पाहिला. कोकणातील खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास, खाणकामगारांचे कल्याण, खाणीतील स्त्रिया यांचे प्रश्न कायद्याच्या भाषेत सोडवले. कायदा वाचायचा, त्यातली फट शोधायची आणि ती बुजवून घ्यायची, ही त्यांची रीत होती.

पहिले काम शिकवण्याचे. औषधाच्या डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे, तोंडाला लाळ सुटणे, घाम, उलटी, थरथर ही अनेक औषधांच्या विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने धुवावे, रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यावे आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. कोणते विष हे कळल्याशिवाय डॉक्टरला नेमका उपचार करता येत नाही. बंद कंटेनरमध्ये कोणी कोसळला तर मास्कशिवाय त्याच्यामागे आत शिरू नये. नाहीतर एकाच्या जागी दोन प्रेते निघतात. एवढी माहिती प्रत्येक बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्ध्या तासात देता येईल.

दुसरे काम विचारण्याचे. २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहे. पनवेल तालुक्यात पेस्ट कंट्रोलचे परवाने किती व कोणाकडे, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली, नियम ३७ ची वैद्यकीय नोंदवही कोणी पाहिली, नियम ४२ चे प्रशिक्षण किती कामगारांना दिले, हे प्रश्न कृषी खात्याला लेखी विचारावेत. नगरपालिका, महापालिका, ग्रामपंचायत डासांसाठी धूर फवारून घेते, त्या ठेक्यात कामगारांच्या प्रशिक्षणाची अट आहे का, तेही विचारावे. उत्तर आले नाही तर अपील करावे. विषबाधेच्या बाबतीत कामगार भरपाईचा दावा विसरू नये. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात शेती आणि मळ्यांतील कीटकनाशक फवारणीचे काम नावानिशी नोंदलेले होते. आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. दोन लाखांच्या मदतीवर समाधान मानून हक्काचा दावा सोडणे हा मृताच्या मुलाबाळांवर अन्याय आहे.

तिसरे काम आपल्या शिकलेल्या तरुणांचे. आपल्या वस्त्यांत रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली कितीतरी मुले-मुली नोकरीची वाट पाहत बसली आहेत. परवान्यासाठी लागणारी पदवी त्यांच्याजवळ आहे. उणीव आहे ती पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाची. बंदर, गोदामे, नवी मुंबईचा विमानतळ, वाढती शहरे, सगळीकडे हे काम वाढणार आहे. चार जणांनी मिळून सहकारी संस्था काढावी, परवाना घ्यावा आणि आपल्याच वस्तीतल्या मजुरांना शिकवून, कपडे देऊन, पुरी मजुरी देऊन कामावर घ्यावे. मालक आपला झाला म्हणून विष कमी जहाल होत नाही. म्हणून तेथेही नोंदवही, तपासणी आणि प्रशिक्षण यांत तसूभर सवलत नसावी. आपण जो नियम दुसऱ्याकडून मागतो तो आधी आपल्या दारात पाळून दाखवला तरच मागणीला वजन येते.

भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना मालकाचे रक्षण करतो. मजुराच्या खिशातला दाखला, त्याच्या डोक्यातले ज्ञान आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली संघटना मजुराचे रक्षण करते. पळस्पे फाट्यावर उद्या सकाळी काम शोधत उभ्या राहिलेल्या माणसाला गाडीत चढण्यापूर्वी एवढे तरी विचारायला शिकवू या : औषध कोणते, मीटर कोठे आहे आणि मला शिकवणार कोण? हे तीन प्रश्न विचारण्याचे बळ ज्या दिवशी त्याला येईल, त्या दिवशी नियम ४२ कागदावरून खाली उतरलेला असेल.